खोक्यावरचं दही

"दही घेतलंस का?" डॉ. वाल्मीक खैरनारांनी पुन्हा विचारलं.

भाग्यश्री दवाखान्याच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत होती. "बाबा, मी कुठंही जाणार नाही. जपानचं पार्सल दीपक पाठवेल."

"दीपक पाठवेल. दही तू लाव."

नाकात ऑक्सिजनची नळी असलेला माणूस हे बोलत होता. काल डॉक्टरांनी तिला बाहेर घेऊन सांगितलं होतं, जवळच्यांना बोलावून घ्या. जवळचं म्हणजे ती आणि सटाण्याहून आलेली पुतळाआत्या. दोघी इथंच होत्या.

प्रयोगशाळेतून पेशी परदेशी जायच्या असल्या, की बाबा घरून डबीत दही न्यायचे आणि खोक्याच्या झाकणावर दह्याचं बोट टेकवायचे. जन्मभर मुहूर्ताची टिंगल करणारा माणूस. इंदिरानगरच्या घराची वास्तुशांतसुद्धा केली नव्हती. विद्यार्थी पाठीमागे हसायचे. भाग्यश्रीला हसूही यायचं नाही.

"जा बाई," आत्या म्हणाली. "लय जीव अडकलाय त्याचा त्या खोक्यात. मी हाय ना इथं."

"आईच्या वेळी काय झालं, विसरलीस?"

आत्या भावाचं पांघरूण सारखं करू लागली.

त्याला आता बारा वर्षं होत आली होती. आई गेली त्या दिवशी बाबा तिच्या उशाशी नव्हते. सकाळीच प्रयोगशाळेत निघून गेले होते. परतले तेव्हा आईचा हात गार पडला होता. मानेत, काखेत गाठी घेऊन ती वर्षभर झिजली. बाबा परिषदांना देशोदेशी जायचे, दर वेळी म्हणायचे, "पुढच्या खेपेला तू." स्वयंपाकघराच्या दारावर तिनं कॅलेंडरमधलं स्वित्झर्लंडचं तळं चिकटवलं होतं. मेन रोडवरून बॅगही आणली होती. तिच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

"मी इतक्यात जात नाही कुठं," बाबा म्हणाले. बोलताना धाप लागत होती. "कुरियरची गाडी मात्र बाराला येते."

शेवटी आत्याच्या डब्यातलं दही तिनं डबीत काढलं आणि ती निघाली. रिक्षा प्रत्येक सिग्नलला थांबली, की तिला वाटायचं, उतरावं आणि मागं पळावं.

बाबांचे विद्यार्थी, आता विभागप्रमुख झालेले दीपक अहिरे दारातच उभे होते. टेबलावर थर्माकोलचं पांढरं खोकं चिकटपट्ट्या लावून तयार होतं. वरच्या भिंतीवर जगाचा नकाशा, त्यात रंगीत टाचण्या.

"एवढ्या ठिकाणी गेल्यात?" तिनं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"एवढ्या ठिकाणी. माणसाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी बाहेर काढल्या, की बाटलीत फार टिकत नाहीत, ताई. या कॅन्सरनं बिघडलेल्या, म्हणून टिकल्या. अजून वाढतायत. लिम्फोमावरचं, म्हणजे असल्या गाठींच्या कॅन्सरवरचं नवं औषध पारखायचं तर आज लोक आधी याच पेशी मागतात. त्यातलं एक औषध आता दवाखान्यांत पोचलंय. माणसं चालत घरी जातायत."

तिला अभिमान वाटायला हवा होता. पण तिला फक्त एक खाट दिसत होती, आणि खाटेशेजारची रिकामी खुर्ची.

"पहिल्यांदा कुठं पाठवल्या होत्या?"

"स्वित्झर्लंडला. गंमत म्हणजे तिथून कुणी मागितल्याच नव्हत्या. सरांनीच गळ घातली, घ्याच म्हणून."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. भाग्यश्रीनं डबी टेबलावर ठेवली.

"तुम्हीच लावा. मला असली थेरं जमत नाहीत. मला परत जायचंय. आई तिकडे जात होती आणि बाबा इथं बाटल्या भरत होते. मला तसं करायचं नाही."

ती दाराकडे वळली. दीपक जागचे हलले नाहीत.

"त्या दिवशी सर आले तेव्हा मी इथंच होतो," ते म्हणाले. "हातात बर्फाचा थर्मास होता. काखेतली एक गाठ सकाळीच काढून घेतली होती. सर नको म्हणत होते. काकूंनीच हट्ट धरला. लगेच निघा म्हणाल्या, नाहीतर वाया जाईल."

खाली हॉर्न पुन्हा वाजला. दीपकनी डबीचं झाकण उघडून ती तिच्यापुढे धरली.

"जपानला पहिल्यांदाच चालल्यात काकू. दही तुम्हीच लावा, ताई."