गाभडली

पुढच्या दारी माणसांचा दवाखाना, मागच्या दारी गुरांचा. पुढे ती बसायची, मागे तिचा नवरा. मधे एक भिंत आणि घरात एकच नियम: जेवताना पेशंट नकोत, दोन पायांचे नाहीत की चार पायांचे.

आज नियम तिनंच मोडला. "गवळ्याची थोरली सून. औषधं बदलून थकले, ताप हटत नव्हता. आणि आज सकाळी तिचं पोटातलं..."

"गाभडली?"

ती बघतच राहिली. "जिभेला काही हाड? बाई आहे ती, गाय नाही."

एरवी तो हसून म्हणाला असता, ढवळ्याशेजारी पवळ्या बांधलाय, वाण नाही पण गुण लागणारच. आज त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"गाई गाभडल्यात गवळ्याच्या," तो म्हणाला. "एकीमागून एक. पडलेले गर्भ, वार, सगळं थोरलीनंच उचललं, उघड्या हातांनी. माणसालाही लागतो तो रोग, ताप हटत नाही, पोट पडतं."

"तुला माहीत होतं?"

माहीत होतं. गवळी हातापाया पडला होता, "डॉक्टर, बभ्रा करू नका, माझं दूध कोण घेईल?" आणि यानं मिठाची गुळणी धरली होती. हातमोजे घाला, दूध उकळून प्या, एवढं सांगून मोकळा झाला होता. पुढच्या बाकावर ती सून कुडकुडत बसलेलीही त्यानं पाहिली होती. ताप काय, कुणालाही येतो, अशी स्वतःची समजूत घालून तो मागच्या दारानं आत गेला होता. लाज वाटायची ती आता वाटत होती.

"ती बाकावर बसलेली दिसली होती मला," तो म्हणाला.

बायकोनं ताट बाजूला सारलं. ती एकदम उठली. "धाकट्या सुनेला दिवस गेलेत. थोरली अंथरुणात, म्हणजे गोठा आता तिच्याकडे."

ताटं तशीच टाकून दोघं निघाले.

गवळ्याच्या अंगणात धाकटी गोठ्यातूनच बाहेर येत होती. बाह्या वर सारलेल्या, हात कोपरापर्यंत ओले. दोघांना एकत्र पाहून तिला हसूच आलं.

"अगंबाई, दोघंही एकदम? आज गुरासाठी आलात की माणसासाठी?"