गोडसर धूर

सायलेन्सरसमोर धरलेल्या रुमालावर काजळी जेमतेम उमटली, ओल मात्र बरीच आली. दमयंतीने तो हुंगला.

"कूलंट इंजिनात जातंय, इस्माईलभाई. हेड गॅस्केट गेलंय. म्हणून धुराला गोड वास येतोय."

"गोड चहा असतो, ताई," ट्रकवाला हसला. "धूर कसा गोड असेल?"

शहरांची हवा असह्य झाली तेव्हा लोकांनी वास बंद करणारी सुई टोचून घेतली होती. या हायवेवर फक्त दमयंती आणि तिचा नवरा सुईविना राहिले होते. धूर हुंगून दोघं पैजा लावायचे. तो गेला, त्याला वर्ष झालं. सुई घे म्हणून मुलगी तेव्हापासून मागे लागली होती. दमयंती उत्तर टाळत आली होती.

"घाटात इंजिन बसेल," ती म्हणाली आणि रुमाल पुढे केला. "बघा तरी."

तिच्या मनाखातर इस्माईलने रुमाल नाकाशी धरला, दीर्घ श्वास घेतला.

"हो ताई, गोडच आहे."

दमयंतीने रुमाल परत घेतला, घडी घातली.

"गाडी ठेवून जा. दुरुस्त करते," ती म्हणाली. "मग मीही सुई घेणार आहे."