पूर्वेकडची विहीर

संग्रहालयात काचेखाली पाठांतराचा जुना कागद होता. दुसऱ्याचा मुलगा असल्याचं भासवून अमेरिकेत शिरणारे चिनी तरुण त्या घराची, गावाची माहिती लिहिलेले असे कागद बोटीवर घोकायचे. मी गंमत म्हणून आजोबांसमोर बंदरावर चौकशी करणाऱ्या साहेबाचा आव आणला. "बोल रे, गावच्या घराला पायऱ्या किती?" संग्रहालय सांभाळणाऱ्या फोंगमावशी आणि गल्लीतली म्हातारी मंडळी हसली. आजोबा मात्र टोपी काढून ताठ उभे राहिले. "चार, साहेब." "विहीर?" "पूर्वेला, साहेब." मला चूक दिसली की राहवत नाही. "खोटं! आजी म्हणायची, तुमच्या गावात विहीरच नव्हती, पाणी नदीवरून आणायचात!" हसणं थांबलं. तेव्हा मला कळलं, असा कागद आजोबांनीही घोकला होता. आमचं आडनावसुद्धा विकतचं होतं. फोंगमावशी स्वच्छ काच पुन्हा पुसू लागल्या. "साहेबानं मला तीन आठवडे डांबून विचारलं," आजोबा हळूच म्हणाले, "त्याला नाही सापडलो, पोरी."