उस्तादांचं नख

टेस्टिंगच्या टेबलावर तिने जोडलेल्या पत्र्यांची पट्टी वाकवली आणि आजही ती तळातून उकलली. वरून जोड इतका गुळगुळीत, की हात फिरवत राहावंसं वाटावं. आत मात्र सुई जाईल एवढी पोकळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे पत्रे नदीपार माणसं नेणाऱ्या बोटीच्या तळाला लागणार होते. पाण्याला तेवढी वाट पुरे.

मॅनेजरने मशीनचा वेग बदलून पाहिला, पत्रे बदलून पाहिले, पत्रेवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. आता राहिला फक्त मशीन चालवणारा.

"तुझ्या वडिलांना तूच विचार," तो तिला म्हणाला. "नाहीतर उद्या मी विचारीन."

त्याचं विचारणं म्हणजे घरी बसवणं, हे टेस्टिंगमधल्या तिला पक्कं ठाऊक होतं.

बाबांना कारखानाभर उस्ताद म्हणत. त्यांच्या मशीनचं टूल गरगर फिरत दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरायचं आणि अ‍ॅल्युमिनियम न वितळवता कणकेसारखं मळत पुढे जायचं. टूलच्या टोकाला पिन, पिनवर स्क्रूसारखे आटे. हे आटेच धातूला खाली दाबतात. त्यांची धार गेली की तळाशी पोकळी राहते. झिजलेले आटेही दिसायला आटेच दिसतात. म्हणून बाबा रोज डोळे मिटून पिनवरून अंगठ्याचं नख ओढायचे. नख अडलं तर टूल मशीनवर, घसरलं तर भंगारात. या परीक्षेचा त्यांना भारी तोरा. मॅनेजरने मोजायचं यंत्र आणायची गोष्ट काढली, ती त्यांनी हसण्यावारी नेली होती.

आज सकाळी त्याच अंगठ्यावर टरारून फोड आला होता.

"अहो, एवढं भाजलं कुठे?" आईने विचारलं.

"कोण जाणे. कळलंच नाही," म्हणत त्यांनी हात मागे नेला होता. तिने हातातला घास ताटात परत ठेवला होता.

दुपारी ती टूलरूममधून एक टूल फडक्यात गुंडाळून घेऊन आली.

"बाबा, हे जरा बघता?"

"वा! टेस्टिंगच्या मॅडम आज आमच्या दारात!" ते खूश झाले. नेहमीसारखे डोळे मिटून त्यांनी हात पुढे केला. तिने फडकं सोडून टूल तळहातावर ठेवलं.

त्यांनी नख ओढलं. थांबले. पुन्हा ओढलं.

चिडा बाबा, ती मनात म्हणत होती. फेकून द्या ते. चारचौघांत माझी अक्कल काढा, घरी जाऊन आईला सांगा, पण चिडा. एवढं काही मागावंसं तिला कधी वाटलं नव्हतं.

"एकदम कडक," बाबा म्हणाले. "नख सोलून निघेल अशी धार आहे. बिनधास्त लाव मशीनवर."

त्यांनी डोळे उघडायच्या आत तिने टूल उचललं आणि घाईघाईने फडक्यात गुंडाळलं. त्या पिनवर आटे अजून पाडलेच नव्हते.