गोरज

"हॉर्न मारून गाय हलत न्हाई, बाबा," नवरदेवाच्या मामानं, जोतीरामानं, ड्रायव्हरला सांगितलं आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

वऱ्हाडाचा टेम्पो तळवलीच्या वळणावर अडकला होता. दिवसभर खाडीकडं चरलेली घणसोलीची गुरं घरी निघाली होती. सिडकोचा नवा, अजून डांबर न पडलेला रस्ता त्यांनी पुरता व्यापला होता. पुढं त्याच गावच्या मैदानात मांडव दिसत होता. सनईही ऐकू येत होती. नवरदेव रणजीत मुंडावळ्यांच्या आडून एकदा मांडवाकडं बघे, एकदा आईकडं.

आई गप्प होती. वेणूबाई गप्प बसली की घरातले सगळे घाबरत. गोरज मुहूर्ताचा हट्ट तिचाच होता. कीर्तनात बुवांनी त्या वेळेचं इतकं गोड वर्णन केलं होतं की सकाळचा मुहूर्त तिनं ऐकूनही घेतला नाही. पत्रिकेवर 'गोरज' हा शब्द तिनं सोनेरी अक्षरात छापून घेतला होता, आणि त्याखाली वेळ.

ती वेळ टळली. जोतीरामानं हळूच बाही खाली ओढली.

"लपवू नगंस," वेणूबाई म्हणाली. "आता अक्षता न्हाईत. पुढचा मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर."

"अक्का, पोरगी तिकडं हळदीच्या अंगानं बसलीय."

"मग देवाला फसवू व्हय?"

रणजीतनं मान खाली घातली.

वेणूबाई पदर खोचून खाली उतरली. परत फिरायचंच, तर गाईंना दोन शब्द सुनावून तरी फिरावं. "बायांनो, घाई न्हाई व्हय तुमास्नी? माझ्या पोराचं लगीन ऱ्हायलं की."

तेवढ्यात गावातून एक वासरू हंबरलं. पुढची तांबडी गाय कान टवकारून धावत सुटली. तिच्यामागं सगळा कळप. धुळीचा लोट उठला, मावळतीच्या उन्हात भंडाऱ्यासारखा पिवळा झाला आणि टेम्पोवर, मुंडावळ्यांवर, वेणूबाईच्या नव्या नऊवारीवर येऊन बसला.

"गेली साडी," मागून कुणीतरी हळहळलं.

वेणूबाई डोळे चोळत उभी राहिली. आपल्या हाताकडं बघितलं. मग एकटीच हसायला लागली.

"समदी उतरा खाली. चालत जायाचं."

"कुटं, अक्का?"

"गाया जातात तिकडं."

आणि टाळ्या वाजवत, विठ्ठलाचं नाव गात ती पुढं निघाली. वऱ्हाड बावचळून तिच्या मागं.

मांडवाच्या दारात नवरीचे वडील हौसेराव हात जोडून उभे होते. चेहरा उतरलेला. "ईनबाई, भटजी म्हणतात वेळ टळली. आता तुमी म्हणाल तसं."

वेणूबाई थेट आत गेली. पदरावरची धूळ बोटावर घेऊन तिनं राजलक्ष्मीच्या कपाळाला लावली.

"गो म्हंजी गाय. रज म्हंजी तिच्या खुराची धूळ. बुवांनी गाऊन गाऊन सांगितलं, अन् मी बसले घड्याळ बघत. धरा अंतरपाट, पाव्हणं. आमी मुहूर्ताच्या मागंमागंच चालत आलो."