समासातलं टिंब

वही बाईंच्या हातात होती आणि पानावर दूध सांडल्यासारखं सगळं पांढरं होतं. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. खालच्या मजल्यावरचं शिवणयंत्र गप्प होतं, कारण ते चालवणारी शिंपीण वर बाईंच्या समोर सतरंजीवर बसली होती.

बाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण खाक्या तोच. लाल शाई नाही, फुली नाही. ओळीत चूक असली की समासात पेन्सिलीचं एक टिंब. चूक ज्याची त्यानं शोधायची. या टिंबानं आख्ख्या शाळेला घाम फोडला होता, आता पाळी चाळिशीत लिहायला शिकणाऱ्या शिंपिणीची.

"बाई, या ओळीतली चूक तीन दिवस शोधतेय," ती म्हणाली. "सापडतच नाही हो. मी ढच."

बाईंनी ओळ वाचून दाखवायला सांगितली. ओळ बरोबर होती. टिंब दिलेली मागची ओळ? तीही बरोबर. गेला आठवडाभर बाई अंदाजपंचे टिंबं देत होत्या आणि ही बिचारी चांगल्या ओळी खोडून पुन्हा लिहीत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. मुलगा रोज म्हणायचा, आई, आता पुरे. त्याला म्हणायला काय जातंय! शिकवणं सुटलं तर मागं काय उरतं, या विचारानंच बाईंना भीती वाटायची.

"चूक तुझी नव्हती गं. मलाच दिसत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

शिंपीण उठली. वही घेऊन जिना उतरून गेली.

बाई खुर्चीतच पडून राहिल्या. डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय, सारखंच. त्या पांढऱ्यात हळूहळू वर्ग भरला. बाकं आली, पाय हलवणारी मुलं आली, फळ्यावर तारीख आली. खाली शिवणयंत्र सुरू झालं होतं आणि सगळा वर्ग त्या ठेक्यावर पाढे म्हणत होता. कधी नव्हे ते बाईंनी कुणाला गप्प केलं नाही.

ऊन कलल्यावर जिन्यात पावलं वाजली. शिंपिणीनं बाईंचं बोट धरून एका जाड कागदावर ठेवलं. कपड्याचे नमुने कापायचा तिचा खाकी कागद. बोटाला बारीक बारीक उंचवटे लागले. दोरा न ओवता तिनं यंत्राची सुई चालवली होती, बोटभर उंचीचं एकेक अक्षर, आणि तेही मागच्या बाजूनं, उलटं. उलट्या बाजूनं काम करायची तिला जन्माची सवय.

बोट पहिल्या ओळीवरून सरकत गेलं. दुसरीवर बाईंचे ओठ हलायला लागले. तिसरीच्या मध्यावर बोट थांबलं, मागं आलं, पुन्हा तिथंच थांबलं.

"सुई दे," बाई म्हणाल्या.

शिंपिणीनं खांद्याशी टोचून ठेवलेली सुई काढून दिली. बाईंनी चाचपत कागदाची कड शोधली आणि समासात एक टिंब टोचलं.