फक्त त्याचा आवाज

"गिटार पुसून टाका," गायकाची बायको म्हणाली. "मला फक्त त्याचा आवाज हवाय."

रेकॉर्डिस्टने गिटारवाल्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बोटातली अंगठी खुर्चीच्या दांड्यावर टकटक वाजवत होता.

"ते आधी बंद करा," ती म्हणाली.

टकटक थांबली.

गायक नुकताच गेला होता. तीस वर्षं रॉक गाऊन त्याने पोरांना वेड लावलं; मागे गिटारवाला असा आवाजात आवाज मिसळायचा की कोणता कोणाचा कळत नसे. एकदा भर कार्यक्रमात त्याने माइकवरून सांगून टाकलं, माझं बायकोवर प्रेम आहे आणि या गिटारवाल्यावरही. वर्तमानपत्रांचं महिनाभर भागलं. पण त्यानंतर कित्येक मुलामुलींनी धीर करून आपापल्या घरी तोंड उघडलं. ती मुलं अजून गायकाच्या फाटकापाशी फुलं ठेवून जात. बायकोने मात्र त्या दिवसापासून गिटारवाल्याला भावजी म्हणणं सोडलं. नवरा सोडणं तिला जमलं नाही, वाटून घेणंही जमलं नाही.

आता हे शेवटचं गाणं उरलं होतं. इस्पितळातून घरी आल्यावर त्याने आणि गिटारवाल्याने दार लावून जुन्या मशीनवर टेप केलेलं. एका ट्रॅकवर आवाज, दुसऱ्यावर गिटार. गाणं बाजारात येईपर्यंत प्रत काढायची नाही, हा गायकाचा हट्टच होता. त्या दिवसांत तो बायकोशी पाटीवर लिहून बोलायचा. घसा गाण्यासाठी जपतोय, असं लिहायचा.

"वहिनी, माझं नाव काढून टाका," गिटारवाला म्हणाला. "कव्हरवरचा फोटोही काढून टाका. पण गिटार राहू द्या. पाया पडतो तुमच्या."

"जन्मभर मध्ये होतात. एका गाण्यात तरी तो माझ्या एकटीचा असू दे."

"मी त्याला शब्द दिलाय, नाहीतर..." त्याने पुढचं गिळलं.

"शब्द त्याने मलाही दिले होते."

"एकदा पुसलं की परत मिळायचं नाही, बाई," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"पुसा."

टेप फिरू लागली. पुसायला गाण्याइतकाच वेळ लागतो. स्पीकरमधून नुसता आवाज येत होता. तिला तो जरा दमलेला वाटला. ती ढसाढसा रडली. मेल्यावर का होईना, तो अख्खा तिच्या वाट्याला आला होता.

शेवटच्या कडव्यात आवाजामागे काहीतरी बारीक ऐकू आलं. टकटक. माइकच्या दांड्यावर अंगठी.

"त्याची खोड," ती रडता रडता हसली. दोघांपैकी ती कोणाची कोणाला लागली, देव जाणे. तिचा हात गळ्यातल्या साखळीकडे गेला. साखळीत त्याची अंगठी होती. बोटं सुजली तेव्हा इस्पितळातच कापून काढलेली. पुढे सूज उतरली, अंगठी तुटकीच राहिली.

तिचं हसू थांबलं. टेप संपली होती. तिने गिटारवाल्याच्या हाताकडे पाहिलं.

"भावजी," कित्येक वर्षांनी ती म्हणाली, "हे गातंय कोण?"

"त्याचा गळा इस्पितळातच गेला होता, वहिनी. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं त्याला." तो रिकाम्या फिरणाऱ्या रिळाकडे बघत होता. "गिटार तेवढी त्याने वाजवली होती."